चुन्याची निवळी

"हिला हे पाजलं कुणी?" डॉक्टर गरजले आणि माझ्या सासूबाईंचा पितळी तांब्या त्यांनी भिंतीवर असा हाणला, की मिरज जंक्शनात उभ्या गाड्यांनी घाबरून शिट्ट्या दिल्या. तांब्याला पोचा पडला, भिंतीवरून चुन्याची निवळी ओघळली. मी इस्पितळाच्या खाटेवर, पाचवा महिना.

"रक्तात आधीच कॅल्शियम उतू चाललंय! पॅराथायरॉईड बिघडलीय. वरून चुना? पोटातल्या पोरासकट मारायचंय हिला?"

बायांनो, कॅल्शियम म्हणजे हाडांतला चुना. पॅराथायरॉईड म्हणजे गळ्यातल्या तांदळाएवढ्या चार ग्रंथी. हाडांतला चुना रक्तात किती सोडायचा, हे त्या ठरवतात. माझी एक पिसाळली होती. उंदरानं कणगी कुरतडावी तशी हाडं कुरतडत होती.

गावी उंब्रजला आम्हांला काय ठाऊक! हाडं ठणकली, तर सासूबाई म्हणाल्या, "पोर हाडं खातंय गं तुजी. चुना पी." प्याले. जेवढा प्याले, तेवढी हाडं जास्त ठणकली. हंडा उचलताना मनगट काटकन मोडलं. मग मुतखडा उठला. पोटात कुणी विळा फिरवत होतं. पलटणीतून रजेवर आलेले मालक मला धरायला आले, तर मी त्यांच्या दंडाचा लचका तोडला. लढाईत त्यांना ओरखडा नाही. गावभर दाखवतात तो वण माझ्या दातांचा.

"ऑपरेशन केलं तर मूल पडू शकतं. नाही केलं तर दोघंही जाल," तांब्या आपटून झाल्यावर डॉक्टर म्हणाले.

"चिरा," मी म्हणाले.

भुलीचं ईथर हुंगवताना चौघांनी दाबलं. पाचवा माझ्या लाथेनं दाराबाहेर गेला. गळा चिरून बोराएवढी गाठ काढली. पोर टिकलं. पण दुसऱ्या दिवशी बोटं चोचीसारखी आकसली, दातखीळ बसली, अंग खाटेवर आपटू लागलं. डॉक्टर शिरेत सुई खुपसून ओरडले, "कॅल्शियम आणा, आणखी!" उरलेल्या ग्रंथी सुस्तावल्या होत्या आणि उपाशी हाडं रक्तातला चुना ओरपत होती.

पायथ्याशी माझे पाय घट्ट धरून सासूबाई बसल्या होत्या. आठ दिवस त्यांच्याशी कुणी धड बोललं नव्हतं. मीही नाही.

हाडं दुखली तर रक्त तपासून घ्या, मनानं चुना पिऊ नका. आणि पाजणारीला शिव्या घालू नका.

दिवस भरून मुलगी झाली. तिच्या रडण्यानं कृष्णेला पूर आला. डॉक्टरांनी सासूबाईंना हात जोडले. "आजी, तेव्हा फार ओरडलो. आता सुनेला दूध आणि कॅल्शियम रोज द्या."

सासूबाईंनी पिशवीतून तांब्या काढून त्यांच्या टेबलावर ठेवला.

"पोचा काढून द्या," त्या म्हणाल्या.