शकूची मान

माझी धाकटी बहीण शकू नारायण पेठेत साड्यांना फॉल-पिको करून देते. ‘द्यायची’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही. कुणी ‘आजच मिळेल का?’ विचारलं, की मान वर न करता म्हणायची, ‘अहो, नेसूनच यायचं होतंत, अंगावरच लावून दिला असता.’

खाली मान घालून आयुष्य गेलं, ती दुखणारच. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला. तो कोण करणार? त्यापेक्षा मान-पाठ कडाकड मोडून देणारे अभय सर बरे. कसले सर, देव जाणे! पांढरा कोट, भिंतीवर सांगाड्याचं चित्र आणि शूटिंगला मोबाईल. त्यांनी शकूची हनुवटी धरून मान गर्रकन फिरवली. कडाड्! बसलेल्यांनी टाळ्या वाजवल्या.

आमच्याकडे लेकरावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडतात. जितकी कडकड, तितकी दृष्ट मोठी. शकूने तेच मानेला लावलं. ‘ताई, केवढा आवाज झाला! सगळं निघून गेलं बघ.’

दुसऱ्या दिवशी मानेतून डोक्यात कधी नव्हे अशी कळ गेली, भोवळ आली. फोनवर सर म्हणाले, ‘एकच बाजू मोकळी झालीय, दुसरी राहिलीय.’ माझी शहाणी बहीण दुसरीही मोडून आली. आमच्या जिन्यातच तिला ओकारी झाली, पाय लटपटले, एकाचे दोन दिसू लागले.

मेंदूकडे रक्त नेणारी मानेतली नळी आतून फाटली होती. तिथली गुठळी मेंदूत गेली. ‘झटक्याने मान पिळली की होऊ शकतं, पण क्वचित,’ हॉस्पिटलमधले डॉक्टर म्हणाले. क्वचित! ज्याच्या घरी होतं, त्याच्या घरी पुरतंच होतं.

शकू वाचली. पाण्यानेही ठसका लागतो, आवाज घोगरा झालाय. दोरा ओवायला बसते, तर समोर दोन सुया. तो ओवला गेला नाही, तर दुकान संपलं. रोज बसते, रोज चुकते.

परवा सर शहाळी घेऊन घरी आले. म्हणाले, ‘नस आधीचीच कमजोर असणार. शिवाय शकूताईंनी मान सैल सोडली नव्हती.’

मी तोंड उघडणार, तेवढ्यात शकूने सुई खाली ठेवली. भिंत धरत उठली, स्वतःचं स्टूल पुढे सरकवलं.

‘बसा,’ ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. ‘आपण सोडा सैल. मी फिरवते.’

सर हसायला गेले. पण त्यांचा हात आधी स्वतःच्या मानेवर गेला.