मुलांना धरायचं नाही

चार निवृत्त शिक्षक जमले की समोरचा चहा हमखास गार होतो, कारण किस्सा कुणाचाच संपत नाही. माझे बरेचसे किस्से शेवगाव तालुक्यातल्या एकाच शाळेचे आहेत, बहात्तरच्या दुष्काळातले. तेव्हा मी नोकरीला नवीन होते.

त्या वर्षी शिक्षण खात्याच्या साहेबांनी मीटिंगमध्ये बजावलं, "मुलांना बांधायचं नाही, कोंडायचं नाही, धरायचंही नाही. जिवाला धोका असेल तरच धरा, आणि धोका टळला की लगेच सोडा." आमचे हेडमास्तर जोशी गुरुजी शब्दाचे पक्के. परतताना एस.टी.त मला म्हणाले, "बाई, उद्यापासून हात खिशात." माझ्या नऊवारीला खिसा नव्हता, हे त्यांच्या लक्षातच आलं नाही!

*

दुसऱ्याच दिवशी ज्ञानोबा नावाचे शेतकरी आपल्या पोराला कासऱ्यानं बांधून घेऊन आले. बैलांसाठी घोडेगावच्या बाजारातून आणलेला नवाकोरा कासरा.

"गुरुजी, हाडं आमची, मास तुमचं. खांबाला बांधा याला."

गुरुजींनी आधी गाठ सोडली, मग सांगितलं, "ज्ञानोबा, आता सरकारची बंदी आहे."

"सरकारनं आमचं पोरगं बगितलंय का?"

हे बोलणं होईपर्यंत पोरगं वेशीपाशी पोचलं होतं.

*

दांडी मारणाऱ्या मुलाची उचलबांगडी करायला सातवीतली चार थोराड मुलं ठरलेली असत. दोघं हात धरत, दोघं पाय. ही मोहीम नेमकी गणिताच्या तासाला निघे. बंदी आली आणि चौघं तोंड पाडून गुरुजींपुढे उभे राहिले.

"गुरुजी, आमी हळू उचलू."

"नाही."

"मग नुसतं बोलवायला जातो."

"आणि तो नाही आला तर?"

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. म्होरक्या म्हणाला, "तर आमी बी तितंच थांबतो."

*

दुसरीतला एक मुलगा पाढे चुकले म्हणून रुसून शाळेपुढच्या कडुलिंबावर चढून बसला. खाली येईना. गुरुजी झाडाखाली दोन्ही हात पसरून उभे राहिले. ऊन डोक्यावर आलं तरी हलले नाहीत.

"हे बघ, उतरलास तर मी हातसुद्धा लावणार नाही. पडलास तरच धरीन."

वर बराच वेळ विचार चालला. मग आवाज आला, "मंग पडू का?"

मला हसू आवरेना. गुरुजींचे डोळे मात्र भरून आले होते.

*

आणि भिका. पहिलीतला. वडील नव्हते. आई, सावित्रा, शाळेमागच्या पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर खडी फोडायची. भिकाला आईवाचून करमत नसे. पाठ वळली की तो तिच्याकडे धूम ठोकायचा. गुरुजींनी गोष्टी सांगून पाहिल्या, जवळ बसवून पाहिलं, पण हात काही लावला नाही.

त्या कामावर दुपारी सुरुंग उडवत. मुकादम शिट्टी फुंकून माणसं लांब काढायचा, पण शाळेकडून धावत येणारं एवढंसं पोर त्याला कसं दिसणार? तिकडे आईचा जीव टांगणीला, इकडे आमचा.

एका दुपारी शिट्टी वाजली आणि त्याच वेळी भिका दारातून निसटला. गुरुजी अनवाणीच मागे धावले. ओढ्यापाशी त्यांनी त्याला गाठलं आणि दोन्ही हातांनी पोटाशी घट्ट धरून खाली बसले. मी पोचले तेव्हा भिका लाथा झाडत होता, गुरुजींच्या मनगटाला कडकडून चावत होता आणि गुरुजी म्हणत होते, "चाव बाळा, चाव."

सुरुंग उडाले. जमीन हादरली. काम पुन्हा सुरू करायची शिट्टी झाली, तसे गुरुजींनी हात मोकळे केले. भिका तलावाकडे पळाला.

थोड्या वेळानं सावित्रा त्याला कडेवर घेऊन शाळेत आली. अंगभर खडीची धूळ. ती भांडायला आली असं मला वाटलं, गुरुजींनाही वाटलं असावं. मनगटाला रुमाल गुंडाळून ते तिच्यासमोर उभे राहिले.

"सावित्राबाई, आज मी याला धरलं. सुरुंग होईपर्यंतच. नंतर लगेच सोडलं."

तिनं त्या रुमालाकडे पाहिलं. भिकाला कडेवरून उतरवून गुरुजींच्या हातात दिलं आणि म्हणाली,

"सोडलं कशाला?"