भट्टीवरचा जोडीदार

"हीट स्ट्रोक आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तर मला हसूच आलं. ऊन लागलं, तेही मला? उभी नोकरी भिलाईत स्टील प्लांटच्या भट्टीसमोर काढली, आणि रिटायर झाल्यावर भरदुपारी गच्चीवर टाकीचा पाइप बसवताना कोसळलो.

हीट स्ट्रोक म्हणजे शरीराला स्वतःला थंड ठेवणं जमेनासं होणं. ताप चढतो, माणूस बरळतो. मी बायकोला, कुमुदला, शिफ्ट कधी सुटते ते विचारत होतो म्हणे.

काखेत बर्फाच्या पिशव्या, हाताला सलाइन. किडनीला धक्का बसलाय का, हे बघायला रोज रक्त घ्यायचे. रिपोर्टची वाट बघताना भीती वाटायची. दरवर्षी उन्हाळा तरणा होतोय आणि मी म्हातारा. मुलानं तर फोनवर ठरवूनच टाकलं, "बाबा, भिलाई सोडा, बंगलोरला या." मला जायचं नव्हतं.

रिपोर्ट चांगले आले. डॉक्टरीणबाई आमच्या नागपूरच्याच. म्हणाल्या, "काका, वय झालं की तहान उशिरा कळते, घामही कमी येतो. भट्टीवर एकटेच काम करायचे का?"

"नाही जी, जोडीदार राहायचा. तो माह्यं तोंड पाहे, मी त्याचं. चेहरा बिघडला का कॉलर धरून मांगं ओढे."

"मग गच्चीवर कोण होतं?"

कोणीच नव्हतं.

घरी येताच समोरच्या बोरकरांना गाठलं. ते चरोद्याच्या रेल्वे यार्डातून रिटायर झालेले, घरी एकटेच. म्हटलं, रोज दुपारी एकमेकांचं तोंड बघायचं.

"या वयात तुमचंच थोबाड पाहत बसू का मी?" ते म्हणाले. पण आले. कुमुदच्या हातचं पन्हं पिऊन रोजच येऊ लागले. बघताबघता गल्लीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांच्या जोड्या लागल्या.

पुढचा उन्हाळा आणखी कडक निघाला. एका दुपारी बोरकर आलेच नाहीत. जाऊन पाहिलं तर अंगणातच उभे, चेहरा लालभडक, कोरडा, आणि कुठल्याशा मालगाडीला सिग्नल द्या म्हणत होते. मी कॉलर धरून सावलीत ओढलं, कुमुदनं ओली चादर गुंडाळली, तसंच दवाखान्यात नेलं.

"वेळेवर आणलंत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मला रडू आलं, आणि छातीही फुगली.

साठी ओलांडली असेल तर तुम्हीही जोडीदार गाठा. उन्हाळे काही ऐकणार नाहीत, पण आपणही काही कमी नाही.

शुद्धीवर येताच बोरकर कुरकुरले, "नवा शर्ट फाडला तुमी माह्या."

मी बाहेर येऊन मुलाला फोन लावला. म्हटलं, "बंगलोर राहू दे. इथं ड्यूटी लागली आहे मले."