विहिरीत ओतलेला कोळसा

ती विहीर मी स्वतः खोदली. सुरुंग लावायला तेवढा माणूस आणला होता, बाकी पहार, घमेलं आणि माझे हे दोन हात. त्या विहिरीचं पाणी आज मला पिता येत नाही.

पाण्याला औषधाचा वास यायचा, कपाशीवर मारतात त्या. माझा धुरेकरी, म्हणजे धुऱ्याला, बांधाला लागून शेत असलेला शेजारी, वरच्या अंगाला नाल्यात फवाऱ्याचे पंप खंगाळायचा, आणि नाला माझ्या विहिरीला लागूनच जातो. सांगायला गेलो तर म्हणाला, "काका, नाला काय तुमच्या बापाचा हाय का?" माझ्या पोराच्या वयाचा माणूस.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात शेतीखात्याच्या साहेबानं चावडीवर सभा घेतली. पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळली झाडं, शेतात पेटवू नका, म्हणाला. पिपात कमी हवेवर जाळा, कोळसा होतो. तो कोळसा पाण्यातलं औषध ओढून घेतो, जमिनीलाही चांगला. आमचं गाव मराठी, पण तेलुगू राज्यात; त्याचं अर्धं तेलुगू, अर्धं हिंदी चाललं होतं, पण मला सगळं कळत होतं. मधेच हजेरीचा कागद फिरला. बाकीच्यांना त्यानं पेन दिला. माझं धोतर पाहिलं आणि शाईचं पॅड पुढं केलं. "अंगूठा, ताता." ताता म्हणजे आजोबा.

चौथीपर्यंत शिकलो मी. सही येते मला. तिथंच उठलो आणि घरी आलो. सभेतलं पुढचं ऐकलंच नाही.

पण कोळसा केलाच. पिपात पऱ्हाट्या ठासून पेटवल्या, धूर निवळल्यावर झाकण घालून मातीनं लिंपलं. दुसऱ्या दिवशी खणखण वाजणारा कोळसा निघाला. पावसाळ्यात पंचायतीचा माणूस विहिरीत ब्लिचिंग पावडर टाकतो, आमचे बाप चुना टाकायचे. मी म्हटलं, औषध पाण्यात आहे तर कोळसाही पाण्यातच पाहिजे. तीन पोती ओतली.

कोळसा बुडेना. सकाळी पाहतो तर विहीर काळीभोर, मोटारीची जाळी चोंदलेली, आणि वांग्याला पाणी नाही. धुरेकरी कठड्यावरून वाकून पाहत होता.

"काका, बेल्लमपल्लीची कोळशाची खाण इकडं सरकली का? आमाले बी द्या दोन पोती, चुलीले होतील."

अंगाचा नुसता जाळ झाला. घरचीनंही सोडलं नाही. "सभेत आखीन घडीभर बसले असते त काय पाय मोडत होते तुमचे?" बोलत होती आणि टोपल्यानं कोळसा उपसत होती. आमचे चार दिवस त्यातच गेले.

साहेब गावात आला तेव्हा लोकांनीच त्याला विहीर दाखवायला आणलं. मी आधी विचारलं, "पैले ये बोलो साब, मेरेकू अंगूठा कायकू मांगा?" तो चपापला. "गलती हुई, ताता," म्हणाला. मग मी पुढचं ऐकून घेतलं. कोळसा विहिरीत टाकायचा नसतो, घाण पाणी कोळशातून जाऊ द्यायचं असतं, तेही विहिरीपासून लांब. उंचावर खड्डा घ्या, खाली चिकणमाती लिंपा, वर कोळसा, माती, कडबा भरा आणि पंप त्यावर धुवा. विहिरीतून काढलेला कोळसा तिथंच घाला, भाजीत नको. भाजीला नवा करा, आणि आधी शेणपाण्यात मुरवा, कोरा घातला तर पीक पिवळं पडते.

हे त्यानं सभेतच सांगितलं होतं.

खड्डा मी माझ्याच जमिनीत, धुऱ्यावर घेतला. धुरेकरी हसला. "पंप घेऊन तिथवर कोण येईन?"

"तू येशील," मी म्हटलं.

फवारणीच्या दिवशी नाल्यात तो जिथं पंप धुतो, तिथंच बाज टाकून बसलो. तो आला. म्हणाला, उठा. मी उठलो नाही. म्हणाला, अंगावर ओतीन. मी म्हटलं, ओत, पण चार लोकांदेखत ओत, मी हाक मारतो. पाय आपटत पंप घरी घेऊन गेला. पुढच्या फवारणीला तसंच. तिसऱ्यांदा खड्ड्यावर गेला.

वास कमी झाला. पाण्याची बाटली तपासायला दिली तर साहेब म्हणतो, अजून अंश आहे, पाऊसकाळ गेल्यावर पुन्हा तपासू, तोवर झाडाला द्या, पिऊ नका. नाही पीत. ज्यानं नासवलं त्याला एक पैचा ताप नाही, आणि गाव मलाच म्हणते, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं.

धुरेकरी आता खड्ड्यावरच पंप धुतो. शिव्या देत धुतो. देऊ दे. मीही देतो.