उकिरड्यातली गांडुळं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं न्हाई. बायकोलासुद्धा न्हाई. आज सांगून टाकतो — बसा जरा.

नामांतराच्या मोर्चांची, बंदांची वर्षं. परभणीत एका साहेबांच्या प्रयोगशाळेत मी मदतनीस होतो. सेलूकडं एका कारखान्यात तंबूच्या कापडाला आग धरू नये म्हणून औषध लावायचे. त्याचं धुवण नाल्यात जायचं, आणि नाल्याचा काळा गाळ लोक खत म्हणून रानात टाकायचे. साहेबांचा सवाल एकच — गाळात औषध हाय, पण ते जीवाच्या अंगात उतरतं का? म्हणून कुंड्यांत गाळ भरून गांडुळं सोडली. मी महिनाभर ओल राखायची, मग गांडुळं ओल्या कागदावर उपाशी ठेवायची, पोटातली माती निघून गेली की तपासणीला द्यायची. एवढंच काम!

आणि मी काय केलं? मेव्हणीच्या लग्नाला गेलो, पाच दिवस जिलब्या हाणल्या. ऐन उन्हाळा. परत येऊन बघतो तर गांडुळं वाळून सुतळी झालेली. खरं सांगायचं होतं ना? न्हाई सांगितलं. घरच्या उकिरड्यातली ताजी गांडुळं आणली, कागदावर ठेवली, देऊन टाकली. त्यांच्यात औषध कुठून निघणार? निकाल साफ आला. साहेबांनी माझी पाठ थोपटली हो!

सेलूत नाल्याकाठी माझी अनुसयामावशी राहायची. तिनं विचारलं, "टाकू का रं गाळ परसात?" मी म्हणलं, "टाक बिनघोर."

मग तिच्या कोंबड्या दिवसभर तिथंच उकरायच्या, गांडुळं खायच्या. त्या वर्षी तीनदा कोंबडीखाली अंडी उबवायला ठेवली, तिन्ही वेळा नासली. अंडी ठेवली होती तिच्या सुनेनं, रुक्मिणवहिनीनं. मावशी माझ्यासमोर म्हणाली, "हिच्या हाताला गुणच न्हाई." वहिनीनं मान खाली घातली. आणि मी? मी चहा पीत बसलो.

ते गाळानंच झालं का? सांगता येत न्हाई. सांगू शकणारी एकच तपासणी होती — ती मीच खोटी केली.

वहिनी आता म्हातारी झाली. अजून कोंबडी खुडूक होऊन उबवायला बसली की खाली अंडी ठेवायला शेजारणीला हाक मारते. स्वतः हात लावत न्हाई.

बघा, बोललो. छाती लय मोकळी झाली — भूकसुद्धा लागली. उद्या सकाळच्या गाडीनं सेलूला जायलोय. हेच सगळं वहिनीसमोर बोलणार. ती काय म्हणायचं ते म्हणो. तिच्या हातात काहीच खोट नव्हती.