शेवटचा डबा जाईपर्यंत

दौलतरावांची आमच्या घराशी पहिली ओळख झाली ती एका तक्रारीमुळे. आम्ही तेव्हा कारंज्याला राहत होतो. वडील शाळेत मास्तर होते आणि घर स्टेशनच्या बाजूला, छोट्या, नॅरोगेज गाडीच्या रुळांपासून हाकेच्या अंतरावर होते. एके सकाळी माझे थोरले बंधू वसंतराव, ज्यांना आम्ही दादा म्हणत असू, पेटीवर सरगम वाजवत बसले होते. दारात नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मास्तर, तुमच्या पेटीची एक पट्टी ढिली वाजून राह्यली."

वडिलांनी विचारले, "तुले कसं समजलं रे?"

"रुयावरून आयकू येते ना. रोज तीच पट्टी."

वडिलांनी पेटी उघडून पाहिली. पट्टी खरोखरच ढिली होती. तो मुलगा म्हणजे आजचे दौलतराव. त्या दिवसापासून ते आमच्याच घरातले झाले.

तबलावादक दौलतरावांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी दादांनी लिहावे असे समितीचे पत्र आले होते. दौलतराव आणि दादा गुरुबंधू, त्यामुळे ते योग्यच होते. दादांनी लिहायला घेतलेही होते, पण श्रावणात ते गेले. त्यांच्या वहीत या लेखाच्या पाच ओळी लिहून झाल्या होत्या. बाकीचे मी लिहीत आहे. मी जन्मभर मुलांना भूगोल आणि मराठी शिकवले. लेखनाचा सराव मला नाही आणि गाण्यातले फारसे कळत नाही. जे पाहिले तेवढेच सांगते.

दौलतरावांविषयी लिहायचे तर आधी त्यांचे वडील किसनजी यांच्याविषयी लिहिले पाहिजे. किसनजी छोट्या गाडीच्या रुळांवर चाबीवाले होते. रूळ जागेवर धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या ढिल्या झाल्या का, हे पाहत रोज सकाळी काही मैल पायी जायचे, हे त्यांचे काम. "पाहत" म्हटले, पण ते पाहत नसत, ऐकत. लांब दांड्याच्या हातोड्याने चावीवर ठोका मारायचे. घट्ट चावी टणकन बोले. ढिली असेल तर आवाज बसका येई. सुट्टीच्या दिवशी दौलतरावांना ते बरोबर नेत आणि विचारत, "हे कशी हाय?" मुलाने पाहून सांगितले तर म्हणत, "डोये मिट. डोये खोटं बोलतात."

आज अकोल्यात दौलतरावांच्या शिकवणीच्या खोलीत तो हातोडा भिंतीवर आहे. नव्या विद्यार्थ्याला ते पहिला महिनाभर बोल देत नाहीत. तबला सुरात लावायला शिकवतात, तोही डोळे मिटून. कोणी चोरून पाहिले की किसनजींच्याच शब्दांत दटावतात. एरवी ते शुद्ध बोलतात, पण रागावले की कारंज्याचे होतात.

मुलगा आमच्या घरी दादांबरोबर तबला शिकतो हे किसनजींच्या भावकीला पसंत नव्हते. त्यांच्या चुलतभावाने एकदा आमच्या अंगणात टोमणा मारला होता, "चाबीवाल्याचा पोट्टा तबला बडवून राह्यला. उद्या तमाशाच्या मांगं जाईन, मंग बस रडत."

किसनजी हातपाय धूत होते. ते म्हणाले, "मी दिवसभर ठोकतो, तो घरी येऊन ठोकते. आमच्या घरी सारे ठोकणारेच हाय बाप्पा. तुले कायचा तरास?"

सगळे हसले. पुढे हा विषय कोणी काढला नाही. आपल्या मुलाच्या हातात काय आहे हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी ते बोलून मात्र कधी दाखवले नाही.

रुळांवर काम करणाऱ्या माणसांचा एक नेम असतो. गाडी आली की हातातले काम खाली ठेवायचे, रुळांतून बाजूला व्हायचे, गाडीकडे तोंड करून उभे राहायचे आणि शेवटचा डबा जाईपर्यंत हात वर धरायचा. चाकात काही अडकले नाही ना, काही लोंबत नाही ना, हे पाहायचे आणि मागच्या गार्डाला हाताने कळवायचे. किसनजींनी हा नेम मुलाच्या अंगात पुरता भिनवला होता. ते म्हणत, "गाडीले पाठ दाखवाची नाही. हातचं काम थांबते, गाडी थांबत नाही." दौलतराव जेवत असले आणि शिट्टी झाली तरी घास ताटात ठेवून अंगणात जाऊन उभे राहत. त्यांच्या नादाने दादाही उभे राहत. मी एकदा किसनजींना विचारले होते, "काका, एवढी लांब गाडी जाईपर्यंत उभं राहायचा कंटाळा नाही येत?" कापसाचे दिवस होते, मालाचे डबे जोडून गाडी लांबली होती. ते म्हणाले, "कटाळा कायचा? लांबी गाडी आली का समजाव, सालभराचं बरं झालं."

आता एक प्रसंग सांगते. एकोणीसशे पन्नासनंतरची चार-पाच वर्षे उलटली होती. अकोल्याचे एक वृद्ध तबलावादक, ज्यांना सगळे नुसते खाँसाहेब म्हणत, गणपतीत कारंज्याला आले. त्यांना एक शिष्य घरी ठेवून घ्यायचा होता. एकच, असे त्यांनी आधीच कळवले होते. गावात तयारीचे दोघे होते, दादा आणि दौलतराव. दोघेही विशीच्या आसपासचे. कापसाचा हंगाम यायला अजून अवकाश होता म्हणून जिनिंगची मोठी शेड रिकामी होती. तिथे दुपारी बैठक झाली. मी अकोल्याला शिक्षिकेच्या प्रशिक्षणाला होते, सणाला घरी आले होते, म्हणून ती ऐकायला मिळाली.

दादा आधी वाजवून गेले. नेटके वाजवले. मग दौलतराव बसले आणि दादांनी त्यांच्या साथीला पेटी घेतली. तबल्याला आधार म्हणून पेटीवर एकच लहानशी धून पुन्हा पुन्हा वाजवतात, तिला लेहरा म्हणतात. दौलतराव पाच मिनिटांत असे रंगले की खाँसाहेब लोडापासून पुढे सरकून बसले. आणि शेडच्या मागे शिट्टी झाली.

दौलतरावांनी दोन्ही हात तबल्यावरून उचलले. ते उठले, शेडच्या उघड्या बाजूला गेले आणि हात वर करून उभे राहिले. मागे किसनजीही उभे होते, हात वर. गाडी आपल्या बैलगाडीच्या चालीने जात होती. दादा लेहरा वाजवतच राहिले. तबल्यामागची जागा रिकामी होती.

शेवटचा डबा जाण्याआधीच खाँसाहेब उठले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. त्यांनी दादांना विचारले, "यह लड़का बीच में क्यों उठ गया?"

दादा म्हणाले, "मालूम नहीं."

खाँसाहेब म्हणाले, "साज का अदब नहीं जिसको, उसको मैं क्या सिखाऊँ? कल सुबह तू मेरे साथ चल."

त्या दिवशी दौलतराव घरी गेले आणि तबल्यावर कापड टाकून बसले. रडले नाहीत. "बाबा, मी रेल्वेच्या गँगमध्येच नाव लिहितो," एवढेच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अकोल्याला परत निघाले होते. खाँसाहेब आणि दादा त्याच गाडीने जाणार होते. गाडी यायची वेळ झाली तेव्हा रुळांच्या कडेकडेने किसनजी चालत आले. कामाचे कपडे, खांद्यावर हातोडा. खाँसाहेबांसमोर हातोडा खाली ठेवून त्यांनी हात जोडले.

"साहेब, पोट्ट्याचा कसूर नाही. कसूर माहा हाय. तो गाडीसाठी उठला. तुमचा अपमान कराले नाही. त्याले लहानपनापासून मीच शिकोलं का..."

तेवढ्यात गाडीची शिट्टी झाली. किसनजी बोलता बोलता थांबले. जोडलेले हात सोडले, वळले, गाडीकडे तोंड केले आणि हात वर करून उभे राहिले. मुलाचे सगळे आयुष्य त्या अर्ध्या वाक्यात अडकले होते, आणि गाडी इथे दोन-चार मिनिटेच थांबत असे. इंजिन गेले, डबे गेले, गाडी लागली, गार्डाने झेंडी खाली घेतली, तेव्हा त्यांनी हात खाली केला. मग वळून पुन्हा हात जोडले आणि म्हणाले, "...का गाडी आली का उठाव. एवढंच सांगाचं होतं."

खाँसाहेब त्यांच्याकडे पाहतच राहिले. "अरे भाई, तू बेटे की बात करने आया था या गाड़ी को सलाम करने?"

"साहेब, पयले गाडी."

खाँसाहेब हसले. वयस्कर माणूस पोटावर हात ठेवून हसला. मग गंभीर होऊन दादांकडे वळले. "तुझे मालूम था?"

दादांनी मान खाली घातली. डब्यात चढताना खाँसाहेब किसनजींना म्हणाले, "लड़के को कल की गाड़ी से भेज दे. एक बोला था, दो ले जाता हूँ. पर उससे कहना, मेरे घर के आगे पटरी नहीं है. वहाँ उठा तो टाँग तोड़ूँगा."

दौलतराव दुसऱ्या दिवशी गेले. पुढची बारा वर्षे ते खाँसाहेबांजवळ होते. दादा दोन वर्षांनी परतले आणि वाशीमजवळच्या मालेगावच्या एका शाळेत संगीत शिक्षक झाले. त्यांनी नोकरी नीट केली, मुलांना प्रेमाने शिकवले. बैठकीत तबला मात्र परत कधी घेतला नाही. का, हे घरात कोणी विचारले नाही.

दौलतरावांचा नेम अजून चालू आहे. कार्यक्रम ठरवायला आलेल्यांना ते पहिला प्रश्न विचारतात, "रूळ किती लांब?" रूळ जवळ असले तर गाड्यांच्या वेळा पाहून बैठकीची वेळ ठरते. आयोजकांनी मोटार पाठवली तर ती सामानाला देतात आणि स्वतः रेल्वेने येतात, तेही तास-दीड तास आधी स्टेशनवर जाऊन. मालेगावला रेल्वे नाही याचे त्यांना इतके वाईट वाटे की दादांना ते म्हणत, "वसंता, तुझ्या गावात सगळं आहे रे, फक्त यायला वाट नाही."

निवृत्तीनंतर दादा वाशीमला माझ्याकडे राहायला आले. आमचे घर पुन्हा रुळांजवळच आहे. दादांच्या शेवटच्या दुखण्यात दौलतराव दर गुरुवारी अकोल्याहून गाडीने येत. त्यांचे स्वतःचे गुडघे दुखतात, तरी येत. दादांच्या पलंगाशी बसून त्यांच्या पंज्यावर बोटांनी हलकेच ठेका धरत. दोघे फारसे बोलत नसत. गाडी आली की दौलतराव खिडकीशी जाऊन उभे राहत. दादा पडल्या पडल्या हात थोडा वर करीत.

दादांच्या वहीतल्या त्या ओळी मी आहेत तशा देते. त्या छापल्या जाव्यात असे त्यांनी मला सांगितले होते. "दौलतविषयी लिहायचे तर मला आधी माझे सांगितले पाहिजे. तो का उठला हे मला माहीत होते. मी माहीत नाही म्हणालो. पेटीही मी मुद्दाम थांबवली नाही. त्याची जागा रिकामी पडलेली सगळ्यांना ऐकू यावी म्हणून वाजवत राहिलो. ही गोष्ट मी त्याला कधी सांगू शकलो नाही."

हे छापण्यापूर्वी दौलतरावांना दाखवणे मला आवश्यक वाटले. तेराव्यानंतर ते आले तेव्हा मी वही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचले. मग ते आमच्या जुन्या बोलीत बोलू लागले.

"ताई, 'मालूम नहीं' म्हटलं ते मले तवाच समजलं होतं. वीस वर्षांचा पोट्टा होता तो. मीबी तेच म्हटलं असतं. पण पेटीचं यानं निरा उलटं लिहिलं."

"म्हणजे?"

"मी तिथं उभा होतो ना, तं मांगं लेहरा चालू होता. मी मोजून राह्यलो होतो. अकरा आवर्तनं झाली. शेवटचा डबा गेला का बाराव्याच्या समेवर मी येऊन बसणार होतो. वसंता वाजवत होता म्हणून मले वाटलं, माही जागा त्यानं धरून ठेवली. आजपर्यंत तसंच वाटत आलं."

मी म्हटले, "दौलतभाऊ, हे दादाला सांगितलं असतं तर."

ते म्हणाले, "त्यानं इचारलंच नाही, ताई. मले काय ठाव, त्याच्या मनात काय चालू हाय."

थोड्या वेळाने गाडी आली. ते काठी टेकून उठले आणि खिडकीशी गेले. मी वही हातात धरून त्यांच्या शेजारी उभी राहिले. इतकी वर्षे त्या रुळांजवळ राहून मी कधी उभी राहिले नव्हते.

दौलतराव आज पंचाहत्तर वर्षांचे झाले. त्यांचे हात अजून खणखणीत आहेत आणि कानांनी कुठे ढिलेपणा सोडलेला नाही. त्यांच्या गुडघ्यांना आराम पडो. गुरुवारी ते अजूनही वाशीमला येतात, ते येत राहोत. त्यांनी घडवलेली मुले त्यांच्यासमोर मोठी होताना त्यांना दिसोत. दादा असते तर त्यांनीही हेच मागितले असते, म्हणून दोघांच्या वतीने मागते. किसनजी म्हणत तसे, गाडी लांबी असू दे. कंटाळा कसला? शेवटचा डबा जाईपर्यंत आम्ही उभे आहोत.