टेलरकाकांचा वन्स मोअर

आमच्या अंबडला स्टँडसमोर एक टेलरकाका हायेत. जालन्यात संगीत नाटक लागलं की दुकान बंद करून निघतेत, गळ्यातला टेपसुद्धा काढायचं भान न्हाई. सोबतीला मला नेतेत. मी म्हणतो, "मोबाईलवर ऐका की." तर म्हणतेत, "हॅट! समोर माणूस गायला पायजे बे, त्याला दम लागलेला दिसला पायजे."

थेटरात त्यांला चैन नसती. टेप बोटाला गुंडाळतेत, सोडतेत. गाणं संपलं की उभं राहून "वन्स मोऽऽर!" त्यो आवाज मी हुबेहूब काढतो, दोस्तांची लई फर्माईश असती.

परवा त्यांच्या लाडक्या बुवांचं नाटक होतं. हे गाणारे नट आता लई थकलेत. वरचा सूर जवळ आला तसं काकांनी टेप सोडून माझं मनगट धरलं. बुवांचा आवाज फाटला. गाणं कसंबसं संपलं, तर मागची पोरं मुद्दाम ओरडली, "वन्स मोअर!" मागितलं की गायचं, असा रिवाजच. बुवांनी घाम पुसला अन् पेटीवाल्याला खूण केली.

काका ताडकन उभे राह्यले. "न्हाई! वन्स मोअर न्हाई! नाटक पुढं जाऊ द्या!"

बुवा थांबले. नाटक पुढं गेलं.

परतीच्या बसमध्ये काका टेप गुंडाळत इचारून राह्यले, "बुवांनी माझा आवाज वळखला असंल का रे? त्यांला वाटलं तर नसंल, मला गाणं आवडलं न्हाई म्हणून?"

"बिलकुल न्हाई, काका."

अंबड आलं, तरी ते इचारूनच राह्यलते.